काठावरचे विशेषण

प्रस्तावना

एका विशेषणावर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर मी त्याला आधी आमच्या गल्लीतल्या एका ओट्यावर नेऊन बसवीन. उन्हाळ्यातली रात्र होती. जेवणे उरकून मंडळी वाऱ्याला बाहेर बसली होती. थर्मलमधून, म्हणजे गावच्या औष्णिक वीजकेंद्रातून, निवृत्त झालेले एक काका कौतुकाने सांगत होते, की नवा संच साधासुधा नाही, सुपरक्रिटिकल आहे. शेजारच्या आजी पंधरा दिवस भावाच्या उशाशी दवाखान्यात काढून नुकत्याच परतल्या होत्या. तिथे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी एक इंग्रजी शब्द रोज ऐकला होता. त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारले, “मंग वाचीन ना ते?”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन पाठ टेकल्यावर मात्र वाटले, यात हसण्यासारखे काय होते? शब्द तोच होता आणि आजींनी त्याचा ऐकला तोच अर्थ लावला होता. तो इथे का लागू पडत नाही, हे ओट्यावरच्या एकालाही, मला धरून, धड सांगता आले नसते. त्या रात्रीपासून ‘क्रिटिकल’ हा शब्द जिथे भेटेल तिथे मी तो वहीत टिपू लागलो. त्या वहीचेच हे पुस्तक झाले आहे.

मी इंग्रजी शिकवतो. माझ्याकडे येणारी मुले बहुतेक आयटीआयची, डिप्लोमाची, काही अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलेली. त्यांच्या मराठीत चार शब्दांआड एक इंग्रजी शब्द असतो, पण इंग्रजीत एक सरळ वाक्य लिहायला सांगितले की हात अडतो. शब्द कमी पडतात म्हणून हात अडत नाही. असलेला शब्द नेमका कुठे बसतो हे माहीत नसते, म्हणून अडतो. आणि नावांपेक्षा, क्रियापदांपेक्षा विशेषणाने ही मुले जास्त फसतात, असे मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे.

या वहीसाठी आमच्या दीपनगरसारखे सोयीचे गाव दुसरे नसेल. भुसावळहून वरणगावच्या वाटेला लागले की फेकरीजवळ आधी चिमण्या दिसतात, वस्ती नंतर दिसते. १९६८ साली इथला पहिला, साठेक मेगावॅटचा संच सुरू झाला. मग १९७९ आणि १९८२ साली दोनशे दहा-दोनशे दहा मेगावॅटचे दोन आले. त्यानंतर तीस वर्षांनी पाचशेचे दोन आणि आता सहाशे साठचा एक. पाणी तापीचे, हतनूरच्या धरणातले. कोळसा रेल्वेने येणारा. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाचे २००५ साली तुकडे होऊन वीजनिर्मितीचे काम महानिर्मितीकडे गेले, तरी जुनी माणसे अजून “पोरगा बोर्डात आहे” असेच म्हणतात. इथे इंग्रजी शब्द पुस्तकातून आले नाहीत, यंत्राबरोबर आले. बॉयलर, टर्बाइन, ट्रिप, लोड, शिफ्ट हे शब्द इथल्या बायाबापड्यांच्या तोंडी भाकरी-भाजीइतके सहज आहेत. ‘ळ’चा ‘य’ करणाऱ्या इथल्या बोलीत कोळशाचा कोयसा होतो आणि तोच कोयसा घेऊन येणारी वॅगन मात्र वॅगनच राहते.

गावाला ज्या नावाने सगळे ओळखतात तो ‘थर्मल’ शब्दही मुळात विशेषणच आहे. इंग्रजीत त्याच्यामागे नाम लागते, एकट्याने त्याचे भागत नाही. आपण त्याचे नाम गाळून टाकले आणि विशेषणालाच नाम करून विभक्तीचे प्रत्यय चिकटवले. थर्मलला लागला, थर्मलमध्ये आहे, थर्मलची बस चुकली. ‘मोबाइल’चेही तेच झाले. फिरता असा अर्थ सांगणारे विशेषण आपण खिशात घातले आणि त्याची वस्तू केली. ‘पर्मनंट’ अजून विशेषण आहे, पण “तो पर्मनंट झाला” या वाक्यात नोकरी, पगार, लग्नाचे स्थळ एवढे सगळे त्या एका शब्दात येऊन बसते.

परकी विशेषणे मराठीत इतक्या सहज का नांदतात, याचे कारण व्याकरणात आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले, पण ही गोष्ट पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर. आकारान्त विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे रूप पालटते. लाल, कठीण, सुंदर ही मात्र पालटत नाहीत. इंग्रजीतून आलेले विशेषण मुकाट्याने या दुसऱ्या पंगतीत जाऊन बसते. क्रिटिकल पेशंट, क्रिटिकल परिस्थिती, क्रिटिकल काम. पुल्लिंग असो, स्त्रीलिंग असो, नपुंसकलिंग असो, त्याला तोशीस नाही. पण ज्या विशेषणाचे रूप बदलत नाही त्याचा अर्थही बदलत नसेल, असे आपण नकळत धरून चालतो. घोटाळा तिथे होतो.

वहीतली पाने उलटतो. पहिले पान कोळशाचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातल्या औष्णिक केंद्रांच्या कोळशाचा रोजचा हिशेब प्रसिद्ध करते. त्या तक्त्यात बरीच वर्षे अशी रीत होती, की खाणीपासून दूरच्या केंद्रात सात दिवसांहून कमी पुरेल एवढाच कोळसा उरला तर साठा ‘क्रिटिकल’ आणि चार दिवसांहून कमी उरला तर ‘सुपरक्रिटिकल’. म्हणजे एकाच गावात, एकाच गेटच्या आत, सुपरक्रिटिकल संच ही मिरवायची गोष्ट आणि सुपरक्रिटिकल साठा ही झोप उडवणारी. आजींना हसलेल्या काकांना हे चांगले माहीत होते. नोकरीत असताना त्यांनी दोन्ही शब्द वापरले होते. फक्त ते दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून वापरले होते.

दुसरे पान टर्बाइनचे. आपल्याकडे विजेची आवर्तने सेकंदाला पन्नास, म्हणून टर्बाइनचा दांडा मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर न्यावा लागतो. वर नेताना वाटेत काही वेग असे लागतात, की तिथे दांड्याची अंगची थरथर आणि फिरण्याची लय जुळते आणि हादरे वाढतात. आखाजीच्या झोक्याला नेमक्या क्षणी हात लावला की तो उंच जातो, तसेच. त्या वेगाला ‘क्रिटिकल स्पीड’ म्हणतात. तिथे काही बिघडलेले नसते. रेंगाळायचे मात्र नसते, झपाट्याने पार व्हायचे असते. नव्या मुलाला वाटते क्रिटिकल म्हणजे थांबा. इथे अर्थ नेमका उलटा निघतो.

तिसरे पान स्टोअरचे. तिथे ‘क्रिटिकल स्पेअर’ असतात. हा सुटा भाग कपाटात निवांत पडलेला असतो, त्याच्या जिवाला काही झालेले नसते. ज्या दिवशी तो हवा असेल त्या दिवशी तो नसला तर संच बंद. इथे शब्दाचा अर्थ ‘ज्यावाचून अडेल असा’. त्याच्या शेजारीच ओव्हरहॉलच्या तक्त्यातला ‘क्रिटिकल पाथ’. शेकडो कामांपैकी ज्या कामांच्या साखळीत एक दिवस हुकला तर सगळे वेळापत्रक एक दिवस पुढे सरकते, ती साखळी. मुलांना हे समजावताना मी भरिताची पार्टी सांगतो. पुऱ्यांची कणीक आधी मळली काय, नंतर मळली काय, पत्रावळी कधीही मांडा. पण कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याशिवाय सोलता येत नाहीत, सोलल्याशिवाय ठेचता येत नाहीत, ठेचल्याशिवाय फोडणीत जात नाहीत. वांगी उशिरा आली की पंगत उशिरा. वांग्यांची वाट हीच त्या रात्रीची क्रिटिकल वाट.

आता ज्या पानावरून हे सगळे सुरू झाले ते. पाणी शंभर अंशांवर उकळते हे खरे, पण मोकळ्या हवेत. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून ते सुमारे एकशे वीस अंशांपर्यंत दम धरते आणि डाळ लवकर शिजते. दाब आणखी वाढवत नेला तर उकळण्याचे तापमानही चढत जाते आणि दुसरीकडे पाण्याची वाफ करायला लागणारी जास्तीची उष्णता कमी कमी होत जाते. पाचशे मेगावॅटच्या संचात वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे एकशे सत्तर पट असतो. तिथेही पाणी आणि वाफ वेगवेगळी असतात, बुडबुडे येतात, म्हणून बॉयलरच्या माथ्यावर ‘ड्रम’ नावाचे अजस्र पिंप लागते. त्यात वाफ पाण्यापासून वेगळी होते. ड्रममधल्या पाण्याची पातळी वर गेली तरी धोका आणि खाली आली तरी धोका, म्हणून कंट्रोल रूममधल्या माणसाचा डोळा तिच्यावर खिळलेला असतो.

सुमारे २२१ बार दाब आणि ३७४ अंश सेल्सियस तापमान या ठिकाणी मात्र नवल घडते. वाफ करायची जास्तीची उष्णता शून्यावर येते. पाणी आणि वाफ यांत फरकच उरत नाही. बुडबुडा नाही, पृष्ठभाग नाही, उकळणे नाही. हा बिंदू म्हणजे क्रिटिकल पॉइंट. मराठी परिभाषेत क्रांतिक बिंदू. त्याच्या वरच्या दाबाने चालतो तो सुपरक्रिटिकल संच. तिथे वेगळे करायला काही उरतच नाही, म्हणून ड्रमही नाही. पाणी एका बाजूने नळ्यांत शिरते आणि न थांबता पलीकडे जाते. दाब आणि तापमान दोन्ही चढे असल्यामुळे तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. काकांचे कौतुक होते ते याचे.

पदार्थविज्ञानात हे विशेषण रुळवले बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी, १८६९ साली. त्यांचे प्रयोग पाण्यावर नव्हते, कार्बन डायऑक्साइडवर होते. त्यांना आढळले, की सुमारे ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. बेलफास्टमध्ये पारा ३१ वर जाणे ही बातमी होण्यासारखी गोष्ट. भुसावळच्या मे महिन्यात तो पंचेचाळिशीच्या घरात असतो. भिंतीवर टांगलेले कार्बन डायऑक्साइडचे लाल अग्निशामक नळकांडे हिवाळ्यात आतून अर्धे द्रव, अर्धे वायू असते. वैशाखात त्यातला पदार्थ यापैकी काहीच नसतो. तोही सुपरक्रिटिकल. म्हणजे नव्या संचाच्या कितीतरी आधीपासून दीपनगरच्या प्रत्येक उन्हाळ्यात ही अवस्था भिंतीला टांगलेली होती, कोणी तिला त्या नावाने हाक मारली नव्हती एवढेच.

साठा, वेग, सुटा भाग, कामांची साखळी, दाब आणि आजींचे भाऊ. या सगळ्यांना एक विशेषण कसे लागू पडते? उत्तर शब्दाच्या मुळाशी आहे. हा शब्द ग्रीक. त्याच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ चाळणे, वेगळे काढणे आणि त्यावरून निवाडा देणे. मराठी वाचकाला याची वेगळी फोड करून सांगायला नको, कारण आपल्याकडे हा प्रवास जसाच्या तसा घडला आहे. घरातली बाई ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसते आणि गावचे पंच झाडाखाली बसून निवाडा देतात. निवडणे आणि निवाडा एकाच घरचे शब्द. खडे एकीकडे, दाणे एकीकडे. खरे एकीकडे, खोटे एकीकडे.

ग्रीक वैद्यांनी हाच शब्द आजाराला लावला. ताप चढत चढत एका दिवशी अशा टोकाला येतो, की तिथून रोगी एक तर सावरतो नाहीतर जातो. तो दिवस म्हणजे ‘क्रायसिस’, निवाड्याचा दिवस. त्या दिवसाशी निगडित ते ‘क्रिटिकल’. म्हणजे डॉक्टर “पेशंट क्रिटिकल आहे” असे म्हणतो तेव्हा तो वाईट बातमी देत नसतो, निकाल लागायचा आहे एवढेच सांगत असतो. आपले वर्तमानपत्र याचे भाषांतर ‘प्रकृती चिंताजनक’ असे करते. त्यात चिंता येते, काठ येत नाही. आपल्या बोलण्यात मात्र तो काठ आहे. काठावर पास होणे, जिवावर बेतणे, निर्वाणीचे बोलणे, कळीचा मुद्दा. यातला एकेक शब्द ‘क्रिटिकल’चा एकेक तुकडा उचलतो. सगळे तुकडे एकट्याने उचलणारा शब्द आपल्याकडे नाही, आणि तो नसल्याने काही बिघडलेलेही नाही.

अणुभट्टीचे उदाहरण मी वर्गात मुद्दाम देतो. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रिटिकल झाली, असे वाक्य फळ्यावर लिहिले की निम्मा वर्ग तिथे स्फोट झाला असे समजतो. खरे तर तो आनंदाचा दिवस होता. अणू फुटण्याची साखळी त्या दिवशी बाहेरच्या आधाराशिवाय आपल्या बळावर चालू राहिली. त्याच्या अलीकडे साखळी विझते, पलीकडे वाढत जाते. बरोबर काठावर ती टिकते. काठ तोच, पण तिथे पोचणे हे इथे यश आहे.

राहिला शब्दाचा तिसरा पदर, आणि परीक्षेला बसणाऱ्यांना सर्वांत जाचणारा. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात इंग्रजी घेऊन बसणाऱ्या मुलाला कवितेचे ‘क्रिटिकल अ‍ॅप्रिसिएशन’ लिहावे लागते. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ तो ‘टीका’ असा घेतो, दुसऱ्याचा ‘कौतुक’, आणि शिव्या देत कौतुक कसे करायचे या कोड्यात पडतो. त्याला मी विचारतो, ज्ञानेश्वरी काय आहे? तो सांगतो, गीतेवरची टीका. मग ज्ञानेश्वरांनी गीतेला नावे ठेवली का? मुलगा हसतो आणि तिथे गाठ सुटते. टीका म्हणजे मुळात उलगडून सांगणे. नावे ठेवणे हा अर्थ तिला पुढे चिकटला. इंग्रजी शब्दाचीही हीच वाट. आधी पारख, मग पारख करताना दिसलेले दोष आणि शेवटी फक्त दोष. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच उतारावरून घसरल्या.

‘चिकित्सा’ हा शब्द तर याहून जवळचा. जिल्हा रुग्णालयाच्या पाटीवर ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ लिहिलेले असते, आणि प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्या माणसालाही आपण ‘चिकित्सक’ म्हणतो. आजार आणि पारख यांचे नाते ग्रीकांनी जोडले तसे आपल्याकडेही जुळलेलेच होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची ‘क्रिटिकल एडिशन’ हाती घेतली ती १९१९ साली आणि तिच्या मुख्य संहितेचे काम पुरे झाले १९६६ साली. मराठीत तिला ‘चिकित्सित आवृत्ती’ म्हणतात. शेकडो हस्तलिखितांतून पाठ निवडत जायचे, म्हणजे पुन्हा ताट आणि तांदूळच. विज्ञानातला ‘क्रांतिक’ शब्दही विचार करायला लावतो. त्याच्या मुळाशी पाऊल टाकणे, ओलांडणे आहे. सूर्याने रास ओलांडली की संक्रांत होते, आणि “माझ्यावर संक्रांत आली” असे म्हणताना मात्र आपण संकटच सांगत असतो. ओलांडण्याच्या क्षणाला माणूस भितो, हे आपल्या भाषेनेही नोंदवून ठेवले आहे.

ही अडचण फक्त मराठी माणसाची नाही. चिनी विद्यार्थीही याच ठिकाणी ठेचकाळतो. त्याच्या भाषेत विशेषणाला लिंग नाही, वचन नाही. ‘तो उंच आहे’ म्हणायला ‘आहे’सुद्धा लागत नाही. पण क्रांतिक बिंदूला त्याच्याकडे ‘हद्दीशी आलेला’ अशा अर्थाचा एक शब्द आहे, अत्यवस्थ रोग्याला दुसरा, कळीच्या मुद्द्याला तिसरा आणि पारखणाऱ्या नजरेला चौथा. आपल्यासारखाच तोही चार शब्दांचा धनी, आणि इंग्रजी त्या चारही शब्दांच्या बदल्यात त्याला एकच देते. जाता जाता एका गैरसमजाचेही सांगतो. चिनी भाषेत ‘संकट’ हा शब्द ‘धोका’ आणि ‘संधी’ मिळून होतो, असे आपल्या व्याख्यानांत टाळ्यांसाठी सांगतात. त्या शब्दातल्या दुसऱ्या चिन्हाचा तिथला अर्थ संधी नव्हे. ऐन वळणाचा क्षण असा आहे. म्हणजे तोही फिरून आपल्या काठावरच येतो.

मग इंग्रजी वाक्यात अर्थ ओळखायचा कसा? १८४७ साली कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला, तेव्हापासून आपण शब्दापुढे स्वल्पविराम देऊन मांडलेले प्रतिशब्द वाचत आलो आहोत, आणि घाईतला विद्यार्थी त्यातला पहिला उचलतो. या पुस्तकात तशी यादी नाही. मी मुलांना दोन ठिकाणी पाहायला सांगतो. आधी विशेषणाच्या पुढचे नाम बघा. पेशंट असेल तर जीव टांगणीला आहे. साठा असेल तर दिवस मोजायचे आहेत. वेग, दाब, तापमान असेल तर तिथे काहीतरी पालटते. निबंध, नजर, आवृत्ती असेल तर पारख चालली आहे. नाम पुढे नसेल तर मागे येणारे छोटे शब्द बघा. ‘क्रिटिकल ऑफ’ आले की कोणीतरी कोणाला तरी नावे ठेवत आहे. ‘क्रिटिकल टू’ किंवा ‘क्रिटिकल फॉर’ आले की ती गोष्ट अत्यावश्यक आहे. मराठीत हे काम ‘-विषयी’ आणि ‘-साठी’ करतात आणि ते नामाला चिकटून पुढे येतात. इंग्रजीत तो शब्द विशेषणाच्या पाठीवर बसतो, म्हणून आपल्या डोळ्यांतून निसटतो. एका मुलाने अर्जात लिहिले होते, की मी कंपनीसाठी फार महत्त्वाचे काम केले. ‘टू’च्या जागी ‘ऑफ’ पडला आणि तो कंपनीचा निंदक ठरला.

आपल्याकडची खास चूक आणखी एक आहे. “गणिताचा पेपर क्रिटिकल होता,” असे मुले सर्रास म्हणतात. त्यांना म्हणायचे असते किचकट, फसवा. इंग्रजी कानाला तो पेपर आयुष्याचा निकाल लावणारा वाटतो. तशीच गत ‘सिरियस’ची. “तो सिरियस आहे” हे ऐकून गावाकडचा माणूस पिशवी भरून दवाखान्याकडे निघतो, आणि सांगणाऱ्याला म्हणायचे असते, की पोरगा हल्ली अभ्यासाला लागला आहे. मराठी बोलताना हे शब्द असे वापरू नयेत, असा माझा मुळीच आग्रह नाही. मराठीत आलेला शब्द मराठीच्या चालीने चालणार. इंग्रजी लिहायला बसताना तो आपल्या ओट्यावर ठेवून जावा, एवढेच म्हणणे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. शब्दांचा भरणा त्याने झाला, आणि तो चांगलाच झाला. आता त्या शब्दांना एकेक करून घरी बोलावून विचारपूस करायची वेळ आली आहे. ती एका विशेषणापासून सुरू केली, कारण एक नीट ओळखीचे झाले की बाकीच्यांशी कसे बोलायचे ते कळते. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने आहेत. आधी दवाखाना, मग कंट्रोल रूम, स्टोअर, कोळशाचे यार्ड, मग वर्ग आणि ग्रंथालय. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाक्ये आहेत; ती मोठ्याने वाचावीत आणि आपल्या बोलीत फिरवून बघावीत. जे वाक्य बोलीत येत नाही ते समजलेले नाही, असे खुशाल धरून चालावे.

आजींना उत्तर देणे मात्र राहून गेले होते. पुस्तक लिहून झाल्यावर मी ते देऊ गेलो. म्हटले, आजी, पाण्याचा एक काठ असतो. हा संच त्या काठाच्या पार गेलेला आहे, म्हणून त्याला सुपरक्रिटिकल म्हणतात. आजींनी कपाळाला हात लावला. त्यांच्या भाषेत जो पार गेला तो गेलाच. क्षणभर मी गांगरलो, मग लक्षात आले, की दोघांचेही बरोबर आहे. माणूस पार गेला तर घरात रडारड, वाफ पार गेली तर थर्मलमध्ये पेढे. आजींनी नाम चुकवले होते, विशेषण नाही. वाचेल की नाही, इकडे की तिकडे, हाच प्रश्न त्या शब्दाने विचारायचा असतो, आणि ओट्यावर तो विचारला होता त्या एकट्यांनीच.

त्यांचे भाऊ वाचले. हल्ली संध्याकाळी तेही ओट्यावर येऊन बसतात.

दीपनगर